कुटुंबोपचाराचा नकाशा आणि चाकरमान्याचे घर

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी कणकवली, कुडाळच्या स्थानकांवर जी गर्दी उतरते, तिच्याकडे उत्सवाची गर्दी म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. मालवण किनाऱ्यावरील कितीतरी घरांच्या दृष्टीने मात्र तो वर्षातून एकदा कुटुंब पूर्ण होण्याचा क्षण असतो. मुंबईतील गिरण्यांच्या काळापासून कर्ता पुरुष तिकडे आणि वृद्ध आईवडील, पत्नी, मुले इकडे, ही विभागणी कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली. मनिऑर्डर गेली, मोबाईल आला; विभागणी पुरती संपलेली नाही. असे घर मानसिक दुखण्याने अडचणीत येते तेव्हा त्याच्यासमोर बसणाऱ्या शिकाऊ उपचारकाने काय शिकून यावे, हा प्रश्न मानसशास्त्राच्या वर्गापुरता राहत नाही.

कुटुंबोपचार ही शाखा गेल्या शतकाच्या मध्यास प्रामुख्याने अमेरिकेत आकाराला आली. लक्षण एका व्यक्तीत दिसते, पण ते टिकवून धरणारी वीण घरभर पसरलेली असते, हे तिचे मूळ सूत्र. मरे बोवेन यांनी दाखवून दिले की, दोघांमधला ताण वाढला की तिसऱ्याला ओढून घेऊन त्रिकोण तयार होतो. साल्वादोर मिनुशिन यांनी घरातील अधिकाराची उतरंड आणि माणसामाणसांतील सीमारेषा यांचा नकाशा काढायला शिकवले. त्यांचा मुख्य ग्रंथ १९७४ सालचा. जे हेली, व्हर्जिनिया सटिर, पुढे मायकेल व्हाइट यांच्या पद्धती आणखी वेगळ्या. विद्यार्थी हे सारे इंग्रजीतून वाचतो, परीक्षा देतो, आणि पहिल्याच प्रकरणात त्याला उपचाराचा आराखडा लिहायला सांगितले जाते: वंशवृक्ष, गृहीतक, उद्दिष्टे, बैठकीला कोणी यायचे, आढावा केव्हा घ्यायचा. खरी कसोटी येथे लागते.

एक कल्पित घर घेऊ. मालवण तालुक्यातील एका वाडीत सोळा वर्षांचा मुलगा तीन महिने शाळेत गेलेला नाही. पोटात दुखते म्हणतो. तपासण्यांत काही निघत नाही. वडील मुंबईत नोकरीला, घरी आई आणि आजी. शिकाऊ उपचारक पुस्तकातला नकाशा मांडतो आणि लिहितो, आई व मुलगा यांच्यातील सीमारेषा पुसट झाली आहे, वडील अलिप्त आहेत, आजीचा हस्तक्षेप अवाजवी आहे. उद्दिष्ट ठरते, पतिपत्नींची जोडी बळकट करून आजीला बाजूला सारणे. आराखडा निर्दोष दिसतो. फक्त या घराला तो लागू होत नाही. ज्या जोडप्याला एकत्र बसवायचे, ते वर्षातून दोन-तीनदाच एकत्र असते. आजीला बाजूला सारले तर घर चालवायचे कोणी? बागायत, सामायिक घराची पट्टी, भावकीतले मानपान हे सारे तीच पाहते. दूर राहून पैसे पाठवणाऱ्या बापाला ‘अलिप्त’ म्हणणे हा तर अन्यायच.

हा दोष मिनुशिन यांच्या माथी मारण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील कुटुंबांबरोबर काम करूनच त्यांनी आपली पद्धत घडवली. घर बदलू पाहण्याआधी त्या घरात सामील व्हा, हा त्यांचाच आग्रह होता. मोठ्या कुटुंबात थोरले भावंड आईबापांची जबाबदारी उचलते, तीही व्यवस्था नीट चालू शकते, हे त्यांनी मान्य केले होते. मग आजीने ती उचलली तर बिघडले कोठे? नकाशा उसना घेताना नकाशाकाराची सावधगिरी मागे ठेवली, एवढेच.

तथापि येथे दुसऱ्या बाजूचेही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा गौरव करणाऱ्या व्याख्यानांना आपल्याकडे तोटा नाही, आणि तो गौरव निराधारही नाही. पण त्याच्या आड पुष्कळ काही झाकले जाते. दारूने पोखरलेला कर्ता, सासूच्या शब्दाखाली वीस वर्षे गप्प बसलेली सून, वेडाचा शिक्का नको म्हणून मागील दारी ठेवलेला भाऊ, ही माणसेही याच व्यवस्थेत राहतात. वरच्या उदाहरणात बोवेन यांचा त्रिकोण काही विचारू पाहतो. सासूसुनेतील अबोला मुलाच्या दुखण्यामुळे तुटला असेल काय? मुलगा घरी राहू लागल्यापासून वडिलांचा फोन रोज येऊ लागला असेल काय? असे असेल तर मुलगा आपल्या परीने घर जोडत आहे. अर्थात हे गृहीतक; शाळेतला छळ, नैराश्य, खरा आजार यांची शहानिशा आधी व्हायला हवी. पण परकीय म्हणून सिद्धान्तच फेकून दिला, तर हा प्रश्न विचारणारे कोणी उरणार नाही.

आणि कुटुंबाला उपचारात घेणे ही केवळ पश्चिमेची देणगी नव्हे. १९५४ ते १९५९ या काळात बोवेन वॉशिंग्टनजवळच्या सरकारी संस्थेत रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाही ठेवून अभ्यास करत होते. साधारण त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहण्यास सांगितले. एकीकडे कुटुंब हा अभ्यासाचा विषय होता, तर दुसरीकडे शुश्रूषेतला भागीदार. पुढे वेल्लोरला आणि बंगळुरूच्या ‘निमहान्स’मध्ये कुटुंबासह राहून उपचार घेण्याची सोय उभी राहिली. किती विद्यार्थ्यांना बोवेन यांच्याबरोबर विद्यासागरही शिकवले जातात?

कोकणाजवळ तर स्वतःचीही काही सामग्री आहे. देवासमोर गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा दुखणे एकाचे राहत नाही, ते घराचे होते; गैरहजर चाकरमान्याचेही नाव घेतले जाते आणि जमलेले सारे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. एका माणसाच्या माथी आजार न मारता तो सर्वांनी मिळून उच्चारणे, हे कुटुंबोपचाराच्या पहिल्या बैठकीचेच काम. मात्र कौल लावून दोष शोधायला गेले की तो अनेकदा एखाद्या बाईवर नाहीतर भावकीतल्या कोणावर येऊन थांबतो, आणि औषधाची गरज असलेला रुग्ण महिनोन्‌महिने ताटकळतो. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा झाला. पण मनोरुग्णालय म्हटले की आजही नाव निघते ते रत्नागिरीचे, आणि तेही फार उशिरा. उपचारकाने गाऱ्हाण्याची हेटाळणी करू नये, पण उपचार लांबणार नाही, हे त्याने पाहावे.

मग त्या घराचा आराखडा कसा असावा? वंशवृक्ष सातबाऱ्यावरील नावांपासून सुरू व्हावा, कारण घरातले जुने अबोले बहुधा तेथेच सापडतात. आजीला सहकारी मानून तिच्या आणि सुनेच्या कामांची वाटणी तिच्याच तोंडून ठरवून घ्यावी. सुनेशी एकदा तरी एकटीने बोलावे. चारचौघांत ती बोलणार नाही. वडिलांनी मुलाला आठवड्यातून दोनदा ठरल्या वेळी फोन करावा, दुखणे असो वा नसो. शाळेत पहिल्या आठवड्यात दोनच तास. बोलणे मालवणीत. आणि सर्वांना समोरासमोर बसवणारी मोठी बैठक चतुर्थीनंतर तिसऱ्या दिवशी, वडिलांची परतीची गाडी सुटण्याआधी.