कमी ढवळाढवळ, जास्त मेहनत

फ्रान्सच्या बोजोले भागातल्या व्हिलिए-मोर्गों गावात मार्सेल लापिएर यांनी १९७३ मध्ये घरच्या द्राक्षमळ्याचा कारभार हाती घेतला. रासायनिक फवारणी, विकतचे यीस्ट आणि गंधकाचा सढळ वापर ही तेव्हाची सर्रास रीत. १९८१ मध्ये त्यांची गाठ रसायनतज्ज्ञ आणि वाइनव्यापारी ज्यूल शोव्हे यांच्याशी पडली आणि मळ्याची वाटच बदलली.

नवी रीत अशी: गामे जातीच्या द्राक्षांचे घड हाताने तोडायचे, नासके मणी वेचून काढायचे आणि अख्खे घड टाकीत भरायचे. कार्बन डायऑक्साइड साचलेल्या टाकीत मण्यांच्या आतच आंबण्याची सुरुवात होते; पुढचे काम मळ्यातून आलेले यीस्ट करते. म्हणून ही लाल वाइन हलकी, फळांच्या स्वादाची आणि कमी तुरट उतरते.

अशी कमी ढवळाढवळीची, 'नैसर्गिक' वाइन म्हणजे आळशीपणा, हा आक्षेप इथे टिकत नाही. गंधक कमी, तितकी चुकीला माफी कमी.

तरीही 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या प्रत्येक बाटलीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. २०२० मध्ये फ्रान्सने 'व्हँ मेतोद नातूर' (नैसर्गिक पद्धतीची वाइन) या नावाला मान्यता दिली. त्याच्या अटी स्पष्ट आहेत: सेंद्रिय द्राक्षे, हाताने तोडणी, बाहेरचे यीस्ट नाही आणि सल्फाइट, म्हणजे गंधकाचे संयुग, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. युरोपात नेहमीच्या ड्राय लाल वाइनला १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

लापिएर २०१० मध्ये गेले. मळा आता त्यांची मुले सांभाळतात. ग्राहकाने लेबलावरच्या चित्राला भुलू नये, पिकवणाऱ्याचे नाव आणि पाळलेल्या अटी आधी वाचाव्यात.