शेत बघायला येऊ नका, हंगाम धरायला या



चिखलणी झाली की मावळात दोन फोन हमखास येतात. एक खताच्या दुकानदाराचा, मागची बाकी कधी देताय म्हणून. दुसरा आंतरराष्ट्रीय शाळांच्या सहली काढणाऱ्यांचा. "काका, साठ मुलं आहेत. दोन तास चिखलात उतरवू, थोडी लावणी, मग पिठलं-भाकरी, फोटो, की निघालो." यंदा मी सरळ नाही म्हणालो. का, ते इथं लिहितो, कारण असे फोन तुमच्यापैकी बऱ्याच जणांना येत असणार. आणि 'चार पोरं आली तर आपलं काय जातं' असं आपण म्हणतो. जातं, ते सांगतो.

मागच्या वर्षी अशी एक बस माझ्या वावरात आली होती. अकरावीची मुलं, एका मोठ्या शाळेची. पोरं गुणी होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण इंद्रायणी मी चारसूत्रीनं लावतो. म्हणजे १५-२५ सेंटिमीटरवर खुणा केलेली दोरी, एका चुडात दोन-तीन रोपं, आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध एक युरिया-डीएपीची ब्रिकेट, हातानं खोल खोचलेली. मुलांनी दहा-दहा रोपांचा झुपका कोपरापर्यंत दाबला. काहींची मुळं तुटली, काही रोपं आडवी तरंगली. दोरी कधीच बाजूला पडली होती. चौकोनच राहिला नाही तर ब्रिकेट खोचायची कुठं? दुसऱ्या दिवशी चार बाया लावून तो तुकडा पुन्हा लावला. मजुरी माझी, रोपं माझी. मुलं मात्र 'प्रत्यक्ष शेती केली' असं लिहून मोकळी झाली.

नुकसान एका तुकड्याचं होतं, त्याचं मोठं दुःख नाही. पण मुलांना कुणी सांगितलंच नाही की आपण लावलेलं उपटून पुन्हा लावावं लागलं. चूक केली आणि चूक कळलीच नाही, याला शिक्षण कसं म्हणायचं? वर्गात गणित चुकलं तर मास्तर लाल शाईनं खूण करतो. माझ्या शेतात चुकलं तर टाळ्या वाजवतात.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्याला शाळेतलं काय कळतं. म्हणून त्यांच्याच पुस्तकातलं सांगतो. यातल्या बऱ्याच शाळा आय.बी. म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट चालवतात. ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली. तिच्या अकरावी-बारावीच्या डिप्लोमात 'कॅस' नावाचा भाग सक्तीचा आहे: सर्जन, शारीरिक उपक्रम आणि सेवा. त्याला मार्क नाहीत, पण तो पुरा केल्याशिवाय डिप्लोमा हातात पडत नाही. आणि नियम काय? हे काम किमान १८ महिने नियमित चालायला हवं. त्यात निदान एक प्रकल्प महिनाभर तरी टिकलेला हवा. सेवेच्या कामात आधी गरज शोधायची, मग तयारी, मग कृती, मग त्यावर विचार आणि शेवटी लोकांपुढं मांडणी. गरज समोरच्याची खरी हवी आणि फायदा दोघांचाही हवा.

आता सांगा, दोन तासांची लावणी यात कुठं बसते? माझी गरज कुणी विचारली? फायदा दोघांचा कुठं झाला? म्हणजे ही शाळा माझं ऐकत नाही हे सोडा, ती स्वतःच्या पुस्तकाचंही ऐकत नाही. पुस्तक १८ महिने म्हणतं, बस दुपारच्या जेवणाला परत फिरते.

या विचाराचं मूळही बघण्यासारखं आहे. कुर्ट हान नावाचे जर्मन शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांच्या विचारावर १९६२ साली वेल्समध्ये समुद्रकिनारी अटलांटिक कॉलेज निघालं. आय.बी. आकाराला येत होती तेव्हा हे कॉलेज तिच्याबरोबर होतं. तिथं सेवा म्हणजे फळा रंगवणं नव्हतं. कॉलेजच्या किनाऱ्यावर समुद्री बचावबोटीचं ठाणं होतं, आणि बोटीवर विद्यार्थी असायचे. त्यासाठी लागणारी बोट चांगली नव्हती, म्हणून १९६० च्या दशकात तिथले प्रमुख ॲडमिरल डेसमंड होर आणि विद्यार्थ्यांनी मिळून टणक तळाची, कडेनं हवा भरलेली बोट घडवली. मोडली, पुन्हा बांधली, पुन्हा समुद्रात घातली. आज अशा बोटी जगभर बचावाच्या कामात आहेत.

ती पोरं शिकली का? तर बोट चुकली असती तर समोरचा माणूस बुडाला असता म्हणून. कामाचं ओझं खरं होतं. माझ्या शेतातही ओझं खरंच आहे. लावणी चुकली तर उतारा घटतो आणि सोसायटीचं कर्ज अंगावर येतं. पण सहल काढणारा तेवढं ओझंच नेमकं काढून घेतो आणि उरलेला चिखल मुलांना देतो.

आणि हे सगळं परदेशी आहे असं समजू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथली पोरं शेतात राबायची, स्वयंपाक करायची आणि शिकायची. त्यांनी पिकवलेलंच ताटात यायचं, म्हणून पीक बुडालेलं त्यांना ताटात दिसायचं. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात नई तालीम मांडली, तिचाही गाभा हाच, हाताच्या कामातून शिक्षण. आपल्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या अभ्यासक्रमात पोरं वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, जनावरांची देखभाल शिकतात, आणि गावाला लागणारी कामं करून देतात. लोखंडी फाटक नीट बसलं नाही तर गिऱ्हाईक परत आणतं. यापेक्षा कडक परीक्षा कुठली?

कृषी महाविद्यालयांची मंडळी हे पान वाचतात, त्यांना तर वेगळं सांगायला नको. तुमचे कृषीदूत आणि कृषीकन्या शेवटच्या वर्षाला गावात येतात. त्यात काही नुसते बॅनर धरून फोटो काढून जातात, हे मी आधीही लिहिलंय. पण जे मुक्काम करून राहतात, एकाच शेतकऱ्याच्या मागं सत्रभर फिरतात, ते पुढं कृषी सहायक झाले की ओळखू येतात. बांधावरून बोलत नाहीत, आत उतरतात. फरक हुशारीचा नाही, मुक्कामाचा आहे.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट.

ज्या दिवशी ती बस आली, त्या दिवशी लावणीला आलेल्या एका बाईची पोरगी शेजारच्या बांधावर होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नाही, म्हणून ती शाळा बुडवून आलेली. तिला रोपाची मूठ कशी सोडवायची, अंगठ्यानं किती दाबायचं, सगळं येतं. बसमधल्या पोराला चिखलात उतरल्याबद्दल 'अनुभवातून शिक्षण' मिळालं, तिच्या नावापुढं गैरहजेरी लागली. चिखल एकच, वावर एकच.

पोरींनी शाळा सोडून लावणी करावी असं मी अजिबात म्हणत नाही. तिची जागा वर्गात आहे आणि तिच्या आईला रास्त मजुरी मिळाली पाहिजे. पण कौशल्य जिच्याकडं आहे तिला अडाणी धरायचं आणि ज्याला काहीच येत नाही त्याला प्रमाणपत्र द्यायचं, हा कुठला न्याय? त्या दिवशी शिकवणारी खरी मास्तरीण ती पोरगी आणि तिची आई होती. साठातल्या एकानंही त्यांचं नाव विचारलं नाही. कारण तसा प्रश्न त्यांच्या तक्त्यात नव्हता. तक्त्यात होतं, 'आज मी काय शिकलो?' आणि उत्तर ठरलेलं, 'शेतकऱ्याचे कष्ट कळले.'

मला हे वाक्य ऐकवत नाही. कष्ट कळून करायचं काय? हळहळायचं? कष्ट नकोत, हिशोब कळू द्या. बियाणं, चिखलणी, मजुरी, खत, कापणी, झोडणी, भरडाई. या प्रत्येकाला किती गेले आणि तांदूळ विकून किती आले, हे एका पोरानं जरी शेवटपर्यंत मांडलं तरी ते पोर पुढं मंत्रालयात बसो नाहीतर कंपनीत, शेतीबद्दल उथळ बोलणार नाही.

शाळांची अडचण मला कळते. पालक साप-विंचवाला घाबरतात, परीक्षा असतात, अंतर असतं. शिवाय यातल्या बऱ्याच शाळांचं वर्ष जुलै-ऑगस्टला उघडतं, तोवर आमची लावणी उरकत आलेली असते. बरोबर आहे. मग भाताचा हट्ट कशाला? तो फोटोत चांगला दिसतो म्हणूनच ना? भात निघाल्यावर त्याच ओलीवर आम्ही हरभरा टाकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरला की फेब्रुवारी-मार्चपर्यंत हातात येतो. त्यांच्या शाळेच्या वर्षात आख्खा बसतो. चिखल नाही, पाऊस नाही, ऊनही सोसवतं.

तर माझा देकार असा आहे. दहा गुंठे देतो. साठ पोरं नकोत, दहा-बाराच द्या, पण तीच पोरं दर पंधरा दिवसांनी आली पाहिजेत.

पेरणीला बियाण्याचा हिशोब त्यांनी करायचा. हेक्टरी ६५ ते ७० किलो धरलं तर दहा गुंठ्यांना किती, हे त्यांनी काढायचं आणि तेवढंच तोलून घ्यायचं. रायझोबियम चोळायचं. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोन-चार झाडं मुळासकट उपटून गाठी मोजायच्या. गाठ कापून आत गुलाबी दिसली तर नत्र धरणं चालू आहे. हे पुस्तकात वाचणं आणि नखानं फोडून बघणं यात किती अंतर आहे, ते त्यांचं त्यांनाच कळेल.

पुढं घाटेअळी. कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे, ओळीत एक-एक मीटर टप्पे घेऊन अळ्या मोजायच्या, पक्षिथांबे लावायचे. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसायला लागल्या की फवारणीचा विचार. फवारणी मी करीन, पोरांनी त्याला हात लावायचा नाही. पण फवारायचं की थांबायचं, हे त्यांच्या मोजणीवर ठरेल. मला हे मोजायला वेळ नसतो, म्हणून मी बऱ्याचदा शेजाऱ्यानं मारलं की मारतो. तुमच्यापैकी किती जण वेगळं करता? म्हणजे इथं माझी गरज खरी आहे, आणि त्यांची आकडेमोड चुकली तर घाटे माझे पोखरले जाणार. हेच ते ओझं.

भात लावायला यायचंच असेल तर तयारी वर्गात करून या. चारसूत्रीत १५ अधिक २५ म्हणजे ४० सेंटिमीटरचा चौरस, त्यात चार चूड आणि एक ब्रिकेट. गुंठा शंभर चौरस मीटर धरला तर ब्रिकेट किती? ६२५. एक ब्रिकेट २.७ ग्रॅमची, म्हणजे गुंठ्याला १.७ किलोच्या आसपास. ही आकडेमोड करून आलेलं पोर दोरी बाजूला टाकणार नाही.

शेवटची अट पैशाची. लाखात फी घेणाऱ्या शाळेनं शेतकऱ्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, आणि शिकवणाऱ्या बाईला त्या दिवशीच्या मजुरीच्या वर मानधन द्यावं, नावानं, सगळ्यांसमोर. पाहुण्या व्याख्यात्याला पाकीट देता ना, मग हिला द्यायला हात का आखडतो?

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शिक्षण सांगितलंय. म्हणजे अशा बसा आता सगळ्याच शाळांकडून येणार. शेतकरी मित्रांनो, त्या आधी आपली अट ठरवून ठेवा. फुकट वावर देऊ नका आणि एका दिवसासाठी देऊच नका. कृषी विज्ञान केंद्रांनी आणि महाविद्यालयांनी आपापल्या भागातल्या पिकाचं पानभर हंगामी वेळापत्रक शाळांसाठी तयार करून द्यावं: कुठल्या आठवड्यात काय मोजायचं, काय लिहायचं. तुमच्यासाठी एका बैठकीचं काम आहे.

माझे दहा गुंठे बांधून ठेवलेत. ज्या शाळेला पेरणीपासून मळणीपर्यंत यायचं असेल, तिनं दसऱ्याच्या आत कळवावं. फक्त फोटो हवा असेल त्यांनी रस्त्यावरूनच काढावा, बांध ओलांडायची गरज नाही.

तुमच्या गावात अशी सहल आली असेल तर काय ठरलं होतं आणि काय झालं, ते खाली लिहा. शाळेचं नाव नको, हिशोब लिहा.