अपयशाचे भांडवल

खामगाव आणि जालना ही दोन शहरे रेल्वेने जोडली जावीत ही बुलडाणा जिल्ह्याची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. 1910 च्या सुमारास ह्या मार्गाचा विचार प्रथम पुढे आला तेव्हा खामगाव इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाडात होते आणि जालना निजामाच्या राज्यात. त्यानंतर दोन महायुद्धे झाली, देश स्वतंत्र झाला, निजामाचे राज्य गेले, वऱ्हाड आणि मराठवाडा एका छत्राखाली आले, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. रूळ मात्र पडले नाहीत. ज्यांनी पहिली निवेदने लिहिली त्यांची नातवंडेही आता म्हातारी झाली असतील. असल्या मागणीला हसणारे पुष्कळ असतात आणि त्यांना उत्तर देण्याची घाई नाही. परंतु निवेदने, धरणे, मोर्चे ह्यांत उमेदीची वर्षे घालविलेले कार्यकर्तेच जेव्हा ‘हे आणखी किती दिवस?’ असे विचारू लागतात, तेव्हा तो प्रश्न टाळून चालत नाही.

ह्या प्रश्नाला नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. धीर धरा, जिद्द सोडू नका, प्रयत्नांती परमेश्वर. व्याख्यानमालांतून आणि अलीकडे तर पैसे घेऊन चालणाऱ्या शिबिरांतून हा उपदेश मुबलक मिळतो. त्यातील खोट अशी की, निराशा हा माणसाच्या स्वभावातील दोष आहे असे तो गृहीत धरतो. बुलडाण्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला जिद्द शिकविण्याचे धाडस कोणी करू नये. मृगाच्या भरवशावर पेरलेले बी करपले की तो दुबार पेरणी करतो आणि कधी कधी तिबारही. पण दुसऱ्या पेरणीचे बियाणे फुकट येत नाही. ते उसनवारीचे असते, आणि उसनवारी फिटली नाही तर तिसऱ्या वर्षी त्याच जिद्दीचे रूपांतर कर्जात होते. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत बुलडाणा होता. तेथील माणसांत मनोबल कमी होते असे कोणी म्हणणार नाही. हात रिकामा असताना मन भरलेले ठेवा, हा सल्ला देणाऱ्याला फार सोपा असतो.

तेव्हा निराशा कशाची बनलेली असते हेच आधी पाहिले पाहिजे. खामगावचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. ह्या गावात रेल्वे आली ती 1870 च्या मार्च महिन्यात. जलंबपासून खामगावपर्यंतच्या जेमतेम आठ मैलांच्या फाट्याचे उद्घाटन करण्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता, आणि वऱ्हाडच्या कापसाचे मोल त्या धक्क्याने साम्राज्याला कळले होते. कापूस निघाला, मुंबईला गेला, बोटीत चढला. साम्राज्याचे काम झाले आणि रूळ खामगावातच थांबले. घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, शेगाव मुंबई–हावडा ह्या मुख्य मार्गावर आहेत. घाटावरचे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे असलेले बुलडाणा मात्र आजही रेल्वेविना आहेत. पलीकडे जालन्याला 1900 मध्ये निजामाच्या हद्दीतून गाडी आली, पण ती मीटरगेज. इकडे रुंद रूळ, तिकडे अरुंद. इकडे एक सरकार, तिकडे दुसरे. मधल्या सुमारे 160 किलोमीटरांची जबाबदारी कोणाचीच नव्हती. पुढे सरकारही एक झाले आणि रूळही सारख्या रुंदीचे झाले, तरी ती बेवारशी अवस्था संपली नाही.

स्वातंत्र्यानंतर नकाराचे कारण बदलले. आता आडवा आला तो परताव्याचा दर. नव्या मार्गावर घातलेल्या भांडवलावर किती टक्के सुटतील ह्याचे गणित मांडायचे आणि ठरविलेल्या टक्केवारीला ते पुरले नाही की प्रकल्प बाजूला ठेवायचा, अशी ही रीत आहे. दीर्घकाळ ही टक्केवारी 14 होती. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ह्यातली गफलत दिसावी. ज्या भागात रेल्वे नाही त्या भागात रेल्वेने जाणारा माल आणि उतारू कोठून दिसणार? मेहकरचे सोयाबीन आणि चिखलीचा कापूस ट्रकने जातो, म्हणून रेल्वेला माल नाही. आणि रेल्वे नाही म्हणून ते ट्रकने जाते. नदीवर पूल नसताना किती लोक नदी ओलांडतात हे मोजून पुलाची गरज ठरवावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय दर दहा वर्षांच्या दिरंगाईने खर्च वाढतो, वाढलेल्या खर्चाने परतावा घटतो, आणि घटलेला परतावा पुढच्या नकाराचा आधार बनतो. उशीर करणाऱ्यालाच उशिराचा फायदा मिळावा अशी ही व्यवस्था आहे.

पण खरे सांगायचे तर स्वच्छ नकाराने कार्यकर्ते खचत नाहीत. नकार मिळाला की राग येतो, आणि रागातून चार माणसे जमतात. माणसे खचतात ती ‘सर्वेक्षण’ ह्या शब्दाने. सर्वेक्षण होणार, सर्वेक्षण सुरू आहे, नव्याने सर्वेक्षण करावे लागेल. ह्यात होकार नाही आणि नकारही नाही. 1924 पासून रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जात असे. अशा मागास भागांतील चळवळींच्या दृष्टीने फेब्रुवारीतला तो एक दिवस म्हणजे वार्षिक परीक्षेचा निकाल. आठवडाभर आशा, एक दिवस कान टवकारून बसणे आणि मग उरलेले वर्ष सुतक. 2016 मध्ये वेगळा रेल्वे अर्थसंकल्प अखेरचा मांडला गेला आणि तो निकालाचा दिवसही गेला. आता घोषणा कधीही होऊ शकते, निवडणुकीच्या आगेमागे तर हमखास होते. 2024 च्या राज्याच्या अंतरिम अर्थसंकल्पात जालना–खामगाव मार्गाच्या खर्चाचा निम्मा वाटा उचलण्याचे राज्य सरकारने मान्य केले. ही गोष्ट लहान नाही. तथापि वाटा मान्य होणे आणि मातीकाम सुरू होणे ह्यांत किती अंतर असते, हे ह्याच जिल्ह्यातील जिगावच्या परिसराला विचारावे. पूर्णा नदीवरच्या त्या धरणाचे काम 1990 च्या दशकात सुरू झाले. तीन दशके उलटूनही ते पुरे झालेले नाही, आणि गाव सोडायचे की घर शाकारायचे ह्या विवंचनेत तेथे एक पिढी वाढली.

मग माणसे टिकतात कशाच्या बळावर? नामदार गोखले म्हणत असत की, त्यांच्या पिढीच्या वाट्याला अपयशांतूनच देशसेवा करणे आलेले आहे. हे वाक्य पुष्कळदा उद्‌धृत होते, पण त्यामागची कामगिरी विसरली जाते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक गोखल्यांनी 1911 मध्ये मांडले आणि 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडले. हे पडणार हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही त्यांनी आकडे गोळा केले, परदेशांतील व्यवस्था तपासली, खर्चाचा अंदाज बांधला आणि विरोधकांच्या एकेका आक्षेपाला उत्तर नोंदवून ठेवले. गोखले 1915 मध्ये गेले. विठ्ठलभाई पटेलांनी 1918 मध्ये मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून घेतला तेव्हा त्यांना कोऱ्या पाटीवर आरंभ करावा लागला नाही. सबंध देशाला शिक्षणाच्या हक्काचा कायदा मिळण्यास 2009 साल उजाडले ही शरमेची गोष्ट खरीच. पण 1912 ची ती 13 मते वाया गेली असे म्हणता येणार नाही.

रेल्वेच्याच बाबतीत बोलायचे तर कोकणचे उदाहरण जवळचे आहे. बॅरिस्टर नाथ पै ह्यांनी संसदेत कोकण रेल्वेचा आग्रह धरला आणि 1971 मध्ये, एक फूटही रूळ न पाहता, ते वारले. त्यांच्या राजापूर मतदारसंघातून मधु दंडवते निवडून आले. 1977 मध्ये ते स्वतः रेल्वेमंत्री झाले. पण मंत्री झाल्याने कोकण रेल्वे लगेच झाली नाही. त्यांच्या काळात कोकणाच्या दिशेने काम पुढे सरकले, एवढेच. गाडी रोह्यापर्यंत पोचण्यास 1986 उजाडले. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, आणि लगेच 1991 च्या निवडणुकीत मतदारांनी दंडवत्यांना घरी बसविले. 1998 च्या जानेवारीत संपूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, रेल्वेमंत्री नव्हेत. ह्या कथेतील एक तपशील येथे विशेष महत्त्वाचा आहे. मोठे स्वप्न हाती येत नव्हते त्या अडीच वर्षांत दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी घातली. कोकणात रेल्वे नसलेल्या माणसाला तिचा उपयोग नव्हता. देशातल्या कोट्यवधी गरीब उताऱ्यांना झाला. दूरच्या ध्येयाने हातचे काम थांबता कामा नये, ह्याचे भान त्यांना होते.

अर्थशास्त्रात बुडीत खर्च म्हणून एक संकल्पना आहे. जे घातले ते परत येणार नसेल तर पुढचा निर्णय घेताना ते मोजू नये, असा तो नियम. कारखान्यासाठी तो अगदी बरोबर आहे. चळवळीला मात्र तो तसाच लावता येत नाही, कारण चळवळीने हरलेल्या लढाईत घातलेले श्रम पुढे वापरता येतात. अट एवढीच की ते कोठे तरी साठविले गेले पाहिजेत. आणि येथेच चळवळींची, त्यांत समाजवादी चळवळही आली, मोठी कुचराई होते. जुना कार्यकर्ता वारला की त्याच्या घरातील निवेदनांच्या प्रती, मंत्र्यांची उत्तरे, वाहतुकीचे आकडे, सभांची इतिवृत्ते रद्दीत जातात. नव्या पिढीला मिळतो तो फक्त पराभव. त्यातून मिळविलेली माहिती मिळत नाही. मग तिला पुन्हा पहिल्या निवेदनापासून आरंभ करावा लागतो आणि ती पाच वर्षांत थकते. ह्या थकव्याला मनोदौर्बल्य म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरी कुचराई अशी की, एकाच मागणीवर सारी उमेद टांगली जाते. घाटावरच्या तालुक्यांत शेतमालाची गोदामे, एसटीच्या फेऱ्या, बाजार समितीतील वजनमाप, सोयाबीनच्या हमीभावाची खरेदी केंद्रे हे प्रश्न वर्षा-दोन वर्षांत काहीतरी हाती लागू शकेल असे आहेत. रेल्वेसाठी जमलेली माणसे ह्या कामांतही एकत्र राहिली तर रेल्वेच्या लढ्याला ती शिल्लक राहतात. बीडची गोष्ट ह्या जिल्ह्याने जवळून पाहावी. अहमदनगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरांचा मार्ग 1995 च्या सुमारास मंजूर झाला; 2022 च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत आली आणि 2025 च्या सप्टेंबरात बीडला. परळीपर्यंतचे काम तेव्हाही उरलेलेच होते. मंजुरीनंतरची ही तीस वर्षे आहेत, मंजुरीपूर्वीची नव्हेत. तेथील लोकांना मंजुरीच्या दिवशी गुलाल उधळून घरी जाता आले नाही. दरवर्षी किती निधी मिळाला, किती खर्च झाला, कोठल्या तालुक्यातील भूसंपादन अडले, ह्यावर लक्ष ठेवावे लागले.

खामगाव–जालना मार्गाच्या कार्यकर्त्यांपुढे आता ह्याच स्वरूपाचे काम आहे आणि ते मोर्च्यापेक्षा नीरस आहे. आजवरच्या सर्वेक्षणांचे अहवाल माहितीच्या अधिकाराखाली मागवून एका ठिकाणी ठेवणे, प्रत्येक अहवालात माल आणि उतारू किती धरले आहेत ते बाजार समित्यांच्या आवकेशी ताडून पाहणे, राज्याच्या निम्म्या वाट्यापैकी प्रत्यक्ष तरतूद किती झाली हे दर मार्चमध्ये तपासणे, आणि भूसंपादनाच्या नोटिसा निघतील तेव्हा चिखली-देऊळगावराजाच्या शेतकऱ्याला जमिनीचा रास्त मोबदला मिळतो की नाही ह्यासाठी त्याच्या बाजूने उभे राहणे. ह्यांतले शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. कारण त्या दिवशी रेल्वे मागणारा आणि जमीन गमावणारा शेतकरी बहुधा एकच असेल.