मापाचे पोलके आणि आमचे शहाणपण

आमच्या सुशिक्षित मंडळींची एक ठाम समजूत आहे. लग्नकार्यातील कार्यालय, आचारी, पत्रिका आणि आहेर यांचा विचार गंभीरपणे, कागद-पेन्सिल घेऊन करावयाचा. आणि वधूच्या अंगावर तिचा पोशाख कसा बसणार, हा प्रश्न मात्र 'ते घरातल्या बायका पाहून घेतील' या एका वाक्यात निकालात काढावयाचा. ज्यांच्या हाताखालून वर्षाला शेकडो फायली जातात, एका रुपयाच्या फरकासाठी जे अख्खे बिल शेरा मारून परत धाडतात, तेच गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या पोलक्याचे माप म्हणून तिचे एक जुने, धुऊन धुऊन विटलेले पोलके पिशवीत घालतात आणि पुण्याला किंवा नागपूरला जाणाऱ्या कोणा परिचिताच्या हवाली करतात. या 'मापाच्या पोलक्या'विरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय क्षुल्लक आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी खुशाल पुढचे पान उलटावे. पण त्यांच्या घरी उपवर मुलगी असेल, तर त्यांनी पान उलटण्यापूर्वी थोडे थांबावे.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांचे एक ठीक आहे. त्यांचा शिंपी गल्लीच्या तोंडाशी असतो. काखेत काचले, खांद्यावर झोळ आला, तर संध्याकाळी भाजी आणावयास जाता जाता ते काम होऊन जाते. आम्ही परप्रांतात चाकरी करणारे लोक. मुलगी दिल्लीस वाढलेली, कार्य मात्र 'तिकडे', आणि शिवणारा शिंपीही तिकडचाच. कारण पैठणीचे पोलके आपल्याच माणसाने शिवावे अशी घरच्यांची श्रद्धा. नैमित्तिक रजा वर्षाला 8 दिवसांची. अर्जित रजा 30 दिवस जमते खरी, पण ती मंजूर कधी होते आणि किती होते हे या पत्राच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. तात्पर्य, वधू मुहूर्ताच्या दोन दिवस आधी गाडीतून उतरते आणि पोलके प्रथमच अंगाला लावून पाहते. मध्यंतरी फिटिंग पाहण्याची जी एक पायरी असते ती आपल्या वाट्याला येतच नाही. म्हणून घरी घेतलेले माप हेच आपले पहिले आणि शेवटचे माप. ते अंदाजपंचे दाहोदरसे असून कसे भागेल?

हा प्रश्न आपल्या आज्यांस नव्हता, ही गोष्ट खरी. खणाची चोळी पुढे गाठ मारून नेसावयाची. अंग इंचभर वाढले वा उतरले तरी गाठ ते सांभाळून घेई. नऊवारी लुगडे तर न शिवलेलेच वस्त्र; आजीचे नातीला होई. हूक आणि काजे आली, टक्स आले, अस्तर आले, आणि वस्त्राला अंगाशी चोख हिशेब ठेवावा लागला. आता तर नऊवारीही शिवून मिळते. तिला कंबर, नितंबाचा घेर आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची ही मापे लागतात, आणि ती उंची अनवाणी घ्यावयाची की चपला घालून, हे कोणी विचारीत नाही. वस्त्र बदलले, माप घेण्याची रीत मात्र बदलली नाही. किंबहुना रीत अशी काही नाहीच.

'मापाच्या पोलक्या'चे समर्थक म्हणतात की शिंपी त्यावरून अचूक काढतो. काय काढतो? अंगाचे माप निराळे आणि कपड्याचे माप निराळे, हा भेदच या मंडळींच्या गावी नसतो. जुन्या पोलक्याचे माप म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या अंगाचे, दुसऱ्या शिंप्याने काढलेले, दुसऱ्याच कापडावर बेतलेले आणि पुढे धुण्याने आटलेले वा वापराने सैल झालेले माप. त्यात पहिल्या शिंप्याने मुंढा अर्धा इंच चुकविला असेल, तर दुसरा शिंपी इमानाने तीच चूक पुन्हा करतो. सुती पोलके अंगाबरोबर थोडे सैलावते. जरीकाठी रेशीम, आत अस्तर, असे पोलके तसूभरही दबत नाही. जो शिंपी मुलीला लहानपणापासून ओळखतो, त्याच्याकडे जुने पोलके टाकून यावे, याला आमची हरकत नाही. तो पोलक्याकडे नव्हे, स्मरणातल्या मुलीकडे पाहून कापतो. परंतु असा शिंपी आज आपल्यापैकी किती जणांच्या वाट्याला उरला आहे?

पैठणीच्या बाबतीत तर चुकीला जागाच नाही. पोलक्याचे कापड साडीतच विणून येते, ते साधारण 80 सेंटिमीटर. बाह्यांना काठ घ्यावयाचा, पाठीला नक्षी साधावयाची, म्हणजे बेतताना हात आधीच आखडता. ते बिघडले तर तसलेच दुसरे कापड येवल्याला जाऊनही मिळेल याचा भरवसा नाही. शिवाय रेशमाचा एक स्वभाव आहे: टीप उसवली की सुईची छिद्रे रांगेने दिसत राहतात. घट्ट करणे सोपे, सैल करणे अवघड, आणि आत माया राखली नसेल तर अशक्य. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला आपल्या भाषेने 'माया' म्हटले, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. पुढच्या आणि मागच्या भागाला, दोन्ही बाजूंस, इंच इंच माया सोडली तर पोलके प्रसंगी तीनेक इंच सैल होते. पण ती सोडावी असे बेतण्यापूर्वी शिंप्याला कोणी तरी सांगावे लागते, आणि जुने पोलके ते सांगत नाही.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील कार्य आम्ही पाहिले. पोलके मापाच्या पोलक्यावरूनच शिवलेले होते. हूक लागेना. दोन काकूंनी पाठीमागून ओढून धरले, तिसरीने सेफ्टी पिना लावल्या, वरून शेला घट्ट लपेटला. मुलगी अंतरपाटामागे हात खाली सोडून उभी राहिली. माळ घालण्यासाठी हात वर करताना तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, धास्ती होती. नंतर पंगतीत एक वयस्क बाई मोठ्याने म्हणाल्या, "दिल्लीचे पाणी मानवले हो पोरीला!" हशा पिकला. शिंप्याला कोणी बोलले नाही, माप पाठविणाऱ्याला कोणी बोलले नाही; दोष मुलीच्या अंगाचा ठरला.

इथेच आमच्या रागाचे मूळ आहे. कापड चुकले तर अंग अपराधी, हा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे? आणि तो एकट्या वधूलाच का? नवरदेवाच्या शेरवानीचे माप घेताना पोटावर टेप फिरते तेव्हा शिंपी अदबीने म्हणतो, 'थोडे सैल ठेवतो, साहेब.' साहेब चहा घेतात. मुलीचे माप दुकानात घेतले तर अर्ध्या पडद्याआडून आकडे ओरडले जातात, बाहेर बसलेला पोऱ्या ते वहीत उतरवितो आणि बाकावरचे गिऱ्हाईक ऐकते. घरी घेतले तर मावशी, आत्या, शेजारीण अशी सभा भरते. प्रत्येक आकड्यावर एकेक अभिप्राय पडतो. नव्या काळाची भर अशी की तो कागद छायाचित्र काढून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला जातो, 'तिकडच्या शिंप्याला दाखवा' म्हणून. आणि चाळीस नातलगांच्या खिशात मुलीचा छातीचा घेर जाऊन पडतो. कार्यालयातल्या एका साध्या गोपनीय कागदाला आपण यापेक्षा अधिक जपतो.

याहून वाईट म्हणजे भविष्यकाळाचे माप. 'लग्नापर्यंत चार किलो उतरवीन' असे मुलगी म्हणते, किंवा तिच्याकडून म्हणवून घेतले जाते, आणि पोलके त्या न आलेल्या देहासाठी कापले जाते. मग एकीकडे उपास आणि दुसरीकडे केळवणे! या घरी पुरणपोळी, त्या घरी श्रीखंड. नाही म्हणावे तर यजमानीण रुसते, खावे तर हूक रुसते. ज्या आठवड्यात मुलीने शांत झोपावे, त्या आठवड्यात ती आरशापुढे श्वास रोखून उभी असते. कापड अंगासाठी बेतावयाचे असते, अंग कापडासाठी नव्हे, हे सांगण्याची पाळी यावी याचा आम्हांस विषाद वाटतो.

'बाजारात तयार मिळते, कशाला हा खटाटोप?' असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याला थोडक्यात उत्तर देतो. तयार कपड्यांवरचे लहान-मध्यम-मोठे हे शिक्के बहुतांशी परक्या देशांच्या कोष्टकांवर बेतलेले. भारतीय देहांचे आपले कोष्टक असावे म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाइझ' ही पाहणी योजिली. कोलकाता, मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग या सहा शहरांतून 15 ते 65 वयाच्या 25,000 स्त्री-पुरुषांची मापे घ्यावयाची असा तिचा आराखडा. राष्ट्राला जे काम यंत्रे आणून, शहरे वाटून घेऊन करावेसे वाटते, ते एका मुलीपुरते करण्यास आपणांस एक टेप आणि अर्धा तास जड का व्हावा?

तेव्हा माप घरीच घ्यावे, अंगावरून घ्यावे, आणि खोलीत दोघीच असाव्यात: एक जिचे माप घ्यावयाचे ती, आणि दुसरी तिने स्वतः निवडलेली. आई असेल, बहीण असेल, मैत्रीण असेल. ती निवड मुलीची. एकटीने आपले माप आपण घेऊ नये. टेप धरण्यासाठी हात उचलला की खांदा व छाती वर चढते आणि पाठीवरची टेप खाली घसरते; मग आकडा खोटा येतो. लग्नाच्या दिवशी आतून जे कपडे घालावयाचे तेच त्या वेळी घातलेले असावेत. टेप जमिनीला समांतर, ना सैल ना आवळलेली, श्वास नेहमीसारखा. छाती, छातीखालचा घेर, कंबर, खांदा, मुंढा, दंडघेर, बाहीची लांबी, पोलक्याची उंची, पुढचा आणि मागचा गळा, खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंतचे अंतर: प्रत्येक माप दोनदा घ्यावे, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा.

आता आमच्या कारकुनी अनुभवातले एक सांगतो. एकाच कागदावर तीन मेजांनी आपापली भर घातली की मूळ मजकूर ओळखू येत नाही. मापाचेही तसेच होते. आई 'थोडे सैल असू दे' म्हणून अर्धा इंच वाढविते, मावशी फोनवर सांगताना आणखी अर्धा, आणि शिंपी आपल्या शास्त्राप्रमाणे सैलपणासाठी जे द्यावयाचे ते देतोच. अखेरीस अंगापेक्षा बोंगा मोठा! म्हणून कागदावर नुसते अंगाचे माप लिहावे आणि 'हे अंगाचे माप आहे, यात काही मिळविलेले नाही' असे वर स्पष्ट नोंदवावे. सैलपणा किती द्यावा हा शिंप्याचा अधिकार. त्यात हात घालू नये.

एककही लिहावे. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि 1958 च्या ऑक्टोबरपासून दशमान पद्धतीचा टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला, तरी शिंप्याचे दुकान इंचांतच बोलते. लग्नघरात तर नऊवारी वारांत, कापड मीटरात आणि अंग इंचांत, अशी तीन राज्ये एकाच खोलीत नांदतात. नुसते '38' लिहिलेला कागद पुढे कोणाच्या हाती कसा वाचला जाईल, याची हमी कोण देणार? दिल्लीतच शिवून घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे, की इथले मास्टरजी खांद्याला 'तीरा' म्हणतात आणि कपड्याच्या तोंडाच्या घेराला 'मोहरी'. आपल्या घरची मोहरी फोडणीत पडते. शब्दांवर विसंबू नये, बोट ठेवून दाखवावे.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की शिंप्याचा अनुभवी हात घरच्या हौशी हातापेक्षा बरा. मान्य. स्त्री-शिंपी घरी येत असेल, किंवा दुकानात आडोसा आणि अदब दोन्ही असतील, तर तिथे जरूर जावे. पण चारशे कोसांवरच्या अनुभवी हाताला मुलीचे अंग दिसत नाही. त्याला तुमचा कागदच दिसणार आहे. दुसरा आक्षेप पुरुषमंडळींचा: यात आम्ही काय करावे? करण्यासारखे पुष्कळ आहे. टेप ताडून पाहावी. कापडी टेप वापराने लांबते, खुणा दूर सरकतात, आकडा कमी येतो आणि पोलके घट्ट होते. शेकडा एक इतकी जरी ती लांबली तरी छत्तीस इंचांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक इंचाचा घोळ. कार्यालयातील पोलादी पट्टी एक दिवस घरी आणून तिच्याशी टेप जुळवावी, जुळली नाही तर नवी आणावी. माप चालू असता सभा भरू पाहील तिला दिवाणखान्यात बसवून चहा द्यावा. कागदाची एकच प्रत शिंप्याकडे पाठवावी, गटावर नव्हे. तीवर तारीख आणि एकक असावे, माया किती सोडावयाची तेही असावे. आणि रजेचा अर्ज लिहितानाच फिटिंगसाठी दोन दिवस धरावेत. मुहूर्ताच्या आधी आठवडाभर वधू तिथे पोचली, तर उसवावयास आणि पुन्हा टीप घालावयास शिंप्याला वेळ राहतो. माघ-फाल्गुनातले मुहूर्त ज्यांनी धरले असतील त्यांनी तो अर्ज दिवाळीपूर्वीच पुढे सरकवावा. त्यानंतर सगळ्याच मेजांवर रजेच्या अर्जांची गर्दी होते.