वाढत्या अंगाचा पिंजरा

मांजरांवर एकदा लिहिलं, तेव्हापासून आमच्या सोसायटीत माझी गणना पशुवैद्यांत होते. परवा रात्री ताटावर बसतो न बसतो तोच समोरच्या वहिनींनी बेल वाजवली. "जरा येता का? आणि टेप घेऊन या." गेलो. हॉलच्या मधोमध प्लास्टिकचा अवाढव्य पिंजरा, आणि त्याच्याकडे पाठ करून कान खाजवत बसलेला बोका.

बोका हा कुत्रा आहे. वहिनींची लेक आणि जावई श्टुटगार्टला असतात. दिवाळीत डोंबिवलीला आले, तेव्हा जनरेटरमागे सापडलेलं पिल्लू त्यांनी वर आणलं, त्याचं नाव मोका ठेवलं आणि ‘जाताना घेऊनच जाऊ’ असं ठरवून टाकलं. वहिनींनी मोक्याचा बोका केला. दोन आठवड्यांच्या रजेत सगळं उरकेल असं त्या दोघांना वाटलं होतं. दोघंही इंजिनिअर.

आता नियम ऐका. भारतातून युरोपात कुत्रा न्यायचा तर आधी कातडीखाली १५ आकडी नंबराची चिप, मग रेबीजची लस, तीही पिल्लू १२ आठवड्यांचं झाल्यावर. त्यानंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तपासणीत पास झालं की रक्त काढल्या दिवसापासून आणखी ३ महिने थांबायचं. अमेरिकेने तर १ ऑगस्ट २०२४ पासून ६ महिन्यांखालच्या कुत्र्याला दारातच अडवायचं ठरवलंय. थोडक्यात, तिकडे पिल्लू जातच नाही. जातो तो चांगला घोडा झालेला कुत्रा.

त्यात क्रम चुकला की संपलंच. बोक्याच्या पहिल्या डॉक्टरांनी लस आधी टोचली आणि चिप आठवड्याने बसवली. आता ती लस याच कुत्र्याला दिली कशावरून? म्हणून बाद. पुन्हा लस, पुन्हा महिना. जावई व्हिडिओ कॉलवर जर्मनमध्ये काहीतरी बोलले, ते न समजल्याचं वहिनींनी छान दाखवलं.

पिंजऱ्याचंही गणित असतं. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घ्यायची, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची निम्मी करून तीत मिळवायची. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. आत त्याला न वाकता उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, आडवं होता आलं पाहिजे. लेकीने शाळेच्या युनिफॉर्मसारखा वाढत्या अंगाचा पिंजरा मागवला होता, तरी तो पुरेल ना, हे मी सांगायचं होतं. भाऊंनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, टेपचं एक टोक धरलं, दुसरं बोक्याने. आमच्या टेपला आता पहिले चार इंच नाहीत.

एवढ्यात दार उघडं पाहून निम्मा मजला आत आला. आमच्याकडे मयताला जमणार नाहीत इतकी माणसं सल्ला द्यायला जमतात. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "झोपेची गोळी द्यायची, थेट जर्मनीत जागा होईल." हा सल्ला देणाऱ्यालाच एक गोळी द्यावी. गुंगीतल्या जनावराचा रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, तोल जातो, आणि वर आकाशात त्याला बघायला कुणी नसतं. विमान कंपन्या गुंगी दिलेला कुत्रा सहसा घेतच नाहीत. याच गृहस्थांकडे पग आहे. तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मुळातच श्वासाचा त्रास, त्यामुळे बऱ्याच कंपन्या त्यांना लांबूनच नमस्कार करतात. हे ऐकल्यावर ते दुखावले. पगला कुठेही जायचं नाहीये, तरी दुखावले.

"पण खाली सामानात थंडीने गोठतं ना ते?" एका काकूंनी विचारलं. नाही गोठत. जनावरं ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब वरच्या, आपण बसतो त्या केबिनइतकाच असतो आणि ऊबही राखतात. खरी काळजी असते ती विमानाबाहेर, तापलेल्या डांबरावर पिंजरा ताटकळतो तेव्हाची.

परदेशी गेलेल्या पिल्लांमध्ये नशीबवान होती ती पुशिन्का. अंतराळात जाऊन सुखरूप परतलेल्या स्ट्रेल्काची ही लेक क्रुश्चेव्ह यांनी १९६१ मध्ये केनेडींच्या घरी भेट धाडली. तिच्या अंगात मायक्रोफोन तर दडवलेला नाही ना, हे म्हणे अमेरिकनांनी तपासून घेतलं. आता आपणच पैसे मोजून आत काहीतरी बसवतो.

पण मला सांगायचं होतं ते भाऊंचं. पिंजऱ्याची सवय आधीपासून लावावी लागते, म्हणून बोक्याचं दूध-पोळी आता पिंजऱ्यातच असतं. तो एकटा आत जात नाही. म्हणून भाऊ दाराशी चटई टाकून बसतात, डोकं आणि एक हात आत घालून पेपर वाचून दाखवतात. मथळे वाचतात, अग्रलेख गाळतात. वासाची ओळख राहावी म्हणून त्यांचा न धुतलेला बनियन आत अंथरलाय. पस्तीस वर्षांत घरात चप्पल येऊ न देणाऱ्या वहिनींनी तो स्वतः अंथरलाय.

निघताना वहिनी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. तीन महिने मे महिन्यात भरतात, पण उन्हाळ्यात कंपन्या कुरकुरतात हे त्यांनी नीट ऐकलेलं. "रक्ताचा तो रिपोर्ट किती दिवस चालतो हो?"

म्हटलं, लशीचे बूस्टर वेळेवर दिलेत तर जन्मभर.

"मग होऊ दे की दिवाळी," वहिनी म्हणाल्या. "लेकीला तुम्हीच सांगा, लेखक आहात."