खालच्या चौकटी त्यांच्याच

पास्खाच्या रात्री मोठी मेणबत्ती पेटते आणि स्तुतिगान होते. त्यात मधमाशांच्या श्रमाचाही उल्लेख येतो. मेण त्यांचेच ना! हातात मेणवात धरून आपण सगळे ते ऐकतो. त्याच सुमारास खानापूरच्या रानात जांभूळ फुलते आणि पेट्यांतून मध काढायला सुरुवात होते.

थंड देशांत मधमाशांसाठी हिवाळ्याची बेगमी करावी लागते. आपल्याकडच्या सातेरीचा कठीण काळ पावसाळा. फुले कमी, आणि झड लागली की बाहेर पडताच येत नाही. मध साठवलेला असतो तो याच दिवसांसाठी. वरच्या मधकोठीतला आपण घ्यावा, त्याला हरकत नाही. पण काही जण खाली पिल्लांच्या कोठीतला मधही काढतात आणि म्हणतात, साखरेचा पाक ठेवू की! उपाशी वसाहतीला पाक देणे ही दया आहे, तो आम्हीही देतो. आधी घर रिकामे करून मग पाक देणे, याला मात्र आम्ही दया म्हणणार नाही. उपासमार झाली की सातेरी पेटी सोडून निघूनही जाते.

लेवीय 19 मध्ये कापणीच्या वेळी शेताचे कोपरे गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी सोडायला सांगितले आहे. इथे तर पिकवणारी माशीच आहे.

तेव्हा मे महिन्यात पेटी उघडाल तर खालच्या चौकटींना हात लावू नका. छपरावर पाणी न झिरपणारे काही बांधा, आणि मुंग्यांसाठी घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.