मोबाईलवरचे ‘मोफत’ : आवळा कोणाचा, कोहळा कोणाचा?

सोयाबीनचे पैसे हातात आले की पूर्वी मंडळी तालुक्याच्या बाजाराला जात. आता बाजारच मोबाईलमध्ये येऊन बसला आहे आणि दिवाळीच्या तोंडावर पार्सलवाल्या पोरांच्या मोटारसायकली पार मळ्यातल्या वस्तीपर्यंत जाऊ लागल्या आहेत. गेल्या हंगामात आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने असेच एक पार्सल सोडवून घेतले. जाहिरात होती बॅटरीवरच्या फवारणी पंपाची. पंप मोफत, फक्त पोहोच खर्च ५९९ रुपये. पार्सलवाला म्हणाला, ‘‘काका, आधी पैसे द्या, मग खोका उघडा.’’ काकांनी पैसे दिले. खोक्यातून निघाला कुंड्यांना पाणी मारायचा प्लॅस्टिकचा हातफवारा. तोवर मोटारसायकल फाट्याच्या पुढे गेलेली. आता काका उलट आम्हालाच विचारतात, ‘‘पंप फुकटच होता ना, मग तक्रार कशाची करू?’’

गावोगावी फसलेल्या माणसाची नेमकी हीच समजूत असते आणि ती चुकीची आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यात ‘मोफत’ या एका शब्दासाठी वेगळे कलम आहे. वस्तू मोफत म्हणायची असेल तर ती घरपोच आणण्याचा जो टाळता न येणारा खर्च असेल, तेवढाच ग्राहकाकडून घेता येतो. बांधणी, हाताळणी, कार्यालयीन खर्च अशा नावाखाली पैसे घेतले तर त्या वस्तूला मोफत म्हणता येत नाही. मोफत वस्तूसाठी जी दुसरी वस्तू विकत घ्यावी लागते, तिचा भाव त्यासाठी वाढवला किंवा दर्जा उतरवला, तरीही नाही. आता तळहाताएवढा फवारा पोहोचवायला ५९९ रुपये लागतात हे कोणाला पटेल? आणि दाखवला पंप, दिला फवारा, ही तर सरळ फसवणूक झाली.

खरे तर फुकटाचे हे गणित शेतकऱ्याला नवे नाही. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारण्याचा ‘लिंकिंग’चा प्रकार आपण वर्षानुवर्षे सोसत आलो आहोत. तिथे निदान दुकानदाराचे तोंड दिसते, चार शब्द सुनावता येतात. मोबाईलवर तीच बाटली ‘भेट’ म्हणून येते आणि आपण हसत घेतो.

मग ऑनलाइन खरेदीत खरोखर काही फुकट मिळतच नाही का? मिळते, पण थोडे, आणि हिशेब करणाऱ्याला. पहिल्या खरेदीची सवलत खरी असते. नवे गिऱ्हाईक जोडण्यासाठी कंपनी तो खर्च स्वतःच्या खिशातून करते. साबण, शाम्पू, चहा असल्या मालाचे नमुने कधी कधी मिळतात. एका ठरावीक रकमेपुढे पोहोच खर्च माफ होतो. समजा ३४९ रुपयांची वस्तू हवी आहे, पोहोच खर्च ४० रुपये आहे आणि ४९९ च्या पुढे तो माफ आहे. पुष्कळ लोक ४० रुपये वाचवायला दीडशे रुपयांची नको असलेली वस्तू टाकतात. त्यापेक्षा भावकीतल्या दोन घरांनी मिळून एक मागणी नोंदवली तर पोहोच खर्च खरोखरच वाचतो. ‘कॅशबॅक’ बहुधा त्याच कंपनीच्या खात्यात जमा होतो आणि त्याला मुदत असते. मुदतीत दुसरी खरेदी केली नाही तर तो गेला. बिनव्याजी हप्त्याबाबत तर रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. ते प्रक्रिया शुल्कात तरी लपलेले असते, नाहीतर रोखीने घेणाऱ्याला मिळणाऱ्या सुटीत. ‘७० टक्के सूट’ वाचताना छापील किमतीकडे पाहू नये. तीच वस्तू तालुक्याच्या दुकानात कितीला आहे, ते फोन करून विचारावे.

आणखी एक खोड आहे. भाव दिसतो एक आणि पैसे भरायच्या वेळी होतो दुसरा. मध्येच विमा, देणगी, कसले तरी सदस्यत्व आपोआप टोपलीत येऊन पडते. ‘शेवटची दोन मिनिटे’ म्हणून घड्याळ पळत असते. अशा तेरा क्लृप्त्यांवर ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने बंदी घातली आहे. पण बंदी झाली म्हणून क्लृप्ती थांबते असे नाही. पैसे भरण्यापूर्वी शेवटच्या बेरजेवर एक नजर टाकणे आपल्याच हाती आहे.

आता शेतकऱ्यासाठी सगळ्यांत नाजूक मुद्दा. न मागवता घरी आलेल्या वस्तूचे काय करायचे? जुलै २०२० मध्ये अमेरिकेत हजारो घरांत टपालाने अनोळखी बियांची पाकिटे येऊन पडली. त्यांतली बरीच चीनमधून आलेली होती. तिथल्या कृषी खात्याला त्यामागे मुख्यतः विक्रीचा बनाव दिसला. कोणाच्या तरी पत्त्यावर स्वस्त माल फुकट पाठवायचा, विक्री झाली असे दाखवायचे आणि त्या नावावर स्वतःच्याच दुकानाची स्तुती लिहायची. ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयानेही राज्यांना अशा पाकिटांबद्दल सावध केले. परदेशी बियाण्याबरोबर तण, कीड, रोग काय येईल याचा नेम नसतो. असे पाकीट आले तर पेरू नये, उकिरड्यावरही टाकू नये. बंद ठेवून सहायक कृषी अधिकाऱ्याकडे द्यावे.

देशातल्या देशात फुकट किंवा ‘एकावर एक’ मिळणाऱ्या बियाण्याचीही गत वेगळी नाही. उगवण झाली नाही तर तालुक्याची तक्रार निवारण समिती पाहणीला येते, पण ती आधी पावती, पिशवी आणि पिशवीवरचे लेबल मागते. फुकटच्या पिशवीची पावती कुठून आणणार? पिशवी फुकट, पण तिच्यापायी मशागत, खत आणि अख्खा हंगाम गेलेला असतो. कीटकनाशकांचेही तसेच. ती ऑनलाइन विकायला २०२२ च्या नोव्हेंबरपासून मुभा आहे, मात्र विकणाऱ्याकडे परवाना लागतो. परवाना क्रमांक आणि बिल नसलेली बाटली बांधावर आणूच नये.

शेवटी उघड चोरीचा प्रकार. ‘तुम्हाला मोबाईल बक्षीस लागला, फक्त कर भरा’, ‘पैसे परत मिळवायला पिन टाका’, ‘पीएम किसानचे हे ॲप उतरवून घ्या’ असे निरोप गावाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत असतात आणि पुढे पाठवणारा आपलाच चुलतभाऊ असतो, म्हणून विश्वास बसतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. वस्तूंची स्तुती लिहा आणि घरबसल्या कमवा, हाही सापळाच. पहिले शंभर-दोनशे रुपये ते खरोखर देतात, पुढे आपल्याकडून हजारो भरून घेतात. खात्यातून पैसे गेले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता १९३० या क्रमांकावर फोन करावा. लवकर कळवले तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

वस्तू खराब किंवा भलतीच निघाली, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येते. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पुरावा मात्र जपावा लागतो. जाहिरातीचा फोटो, पैसे भरल्याचा निरोप आणि खोक्यावरची पाठवणाऱ्याच्या पत्त्याची चिठ्ठी. आपल्याकडे खोका आधी चुलीत जातो, हीच अडचण.

ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींना इथे एक काम करता येईल. १९३० आणि १९१५ हे दोन क्रमांक पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत आणि येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत. रंगाच्या एका डब्याचा खर्च आहे. फवारावाल्या काकांचा खोका सुदैवाने गोठ्यात शिल्लक होता, चिठ्ठीसकट. त्यांची तक्रार गेल्या आठवड्यात १९१५ वर नोंदवली आहे.